दोन जिवांची बाई आणि बाटलीतला सुवास



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी एक विद्यार्थी माझ्या टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. वयाने इतरांपेक्षा मोठा, शेती सांभाळून शिकणारा, लग्न झालेला. इकडे तिकडे पाहून त्याने खिशातून बोटाएवढी तपकिरी काचेची बाटली काढली आणि म्हणाला, "सर, घरी पाचवा महिना चालू आहे. पाय फार दुखतात तिचे. बाजाराच्या दिवशी एकाने हे तेल दिलं. पायाला चोळा, आणि पोटात गॅस धरला तर पाच थेंब कोमट पाण्यातून घ्या, म्हणाला. आई म्हणते, झाडपाल्याचं आहे, दे. आशाताई म्हणतात, मुळीच देऊ नका. आता तुम्ही सांगा. बाटलीवर तर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलंय. मग भ्यायचं कशाला?"

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मी तर्कशास्त्र शिकवतो. म्हणून त्या दिवशी मी इतकेच सांगितले की, आशाताईंचे ऐक आणि उद्याच तिला आरोग्य केंद्रात दाखव. बाटलीचे बूच काढून वास मात्र घेतला. दुखऱ्या गुडघ्याला आपण जे मलम चोळतो त्याचाच तो ओळखीचा, झिणझिण्या आणणारा वास होता.

परंतु त्याचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. "झाडपाल्याचे आहे, म्हणून निर्धोक आहे," हे वाक्य आपण सगळेच किती सहज बोलतो! तर्काच्या वर्गात मी मुलांना विचारतो, धोतरा झाडपालाच ना? कण्हेर अंगणातच फुलते ना? मग "नैसर्गिक" या शब्दातून "निर्धोक" हा निष्कर्ष निघतो कसा? पण गरोदर बाईच्या बाबतीत ही नुसती वर्गातली चूक राहत नाही. तिची किंमत दोन जीव मोजतात. म्हणून मी या विषयाचे वाचन केले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे साध्या शब्दांत मांडतो आहे.

पहिला घोटाळा आहे तो "तेल" या शब्दाचा. आपण तीळ, शेंगदाणा, करडई, खोबरे घाण्यात घालतो आणि त्यातून जे निघते त्याला तेल म्हणतो. ते जड असते, चिकट असते, भाजीत चालते, अंगाला चालते. निलगिरीचे तेल, लवंगेचे तेल, पुदिन्याचे तेल, गवती चहाचे तेल यांनाही आपण तेलच म्हणतो. पण हे घाण्याचे तेल नव्हे. ही उडून जाणारी तेले आहेत. शास्त्राच्या पुस्तकांत त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात.

दोन्हींतला फरक शाळेत एका मिनिटात दाखवता येतो. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग जरूर करावा. कोऱ्या कागदावर एका बाजूला खोबरेल तेलाचा थेंब टाका, दुसऱ्या बाजूला निलगिरीच्या तेलाचा. कागद वाऱ्यावर ठेवा. काही वेळाने बघा: खोबरेलाचा डाग तसाच तेलकट राहिलेला असेल आणि निलगिरीचा डाग, तेल शुद्ध असेल तर, उडून गेलेला असेल. नाव एक, पण जात निराळी. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसले की पुढचे सांगणे सोपे जाते.

ही तेले निघतात कशी? आमच्या खानदेशाला हे नवे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा नावाचे सुगंधी गवत उगवते, आणि त्याचे तेल काढण्याचा धंदा इकडे फार जुना आहे. एके काळी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. रीत अशी की, भट्टीवर मोठे भांडे चढवायचे, त्यात गवत आणि पाणी घालायचे, झाकण लिंपून घट्ट करायचे. खालून जाळ लावला की वाफ उठते. ती वाफ गवतातला सुगंध उचलून नळीत शिरते. नळी थंड पाण्यातून नेलेली असते, म्हणून वाफेचे पुन्हा पाणी होते आणि त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. तो थर म्हणजे हे तेल. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. बोली भाषेत अर्क काढणे.

आता यातली खरी गोम लक्षात घ्या. भारेच्या भारे गवत भट्टीत जाते आणि हाती येते ते बाटलीभर तेल. गवती चहाचे उदाहरण घेऊ. एक किलो ओल्या गवतातून साधारण तीन ते पाच ग्रॅम तेल मिळते, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा जेमतेम भरतो. आपण चहात किती पाती टाकतो? दोन, फार तर चार. लवंगेचे बघा. चांगल्या लवंगेत शेकडा पंधरा ते वीस भाग तेल असते, इतकी ती तेलाने श्रीमंत. तरीही चहाचा एक चमचा लवंगतेल म्हणजे सुमारे तीन तोळे लवंगा झाल्या. तीन तोळे लवंगा कोणती सासू सुनेला एका वेळी चावायला देईल? ओव्यात शेकडा दोन ते चार भाग तेल असते. जेवणानंतर चिमूटभर ओवा खाल्ला तर पोटात जाते ते एखाद्या थेंबाएवढे, तेही ओव्याच्या चोथ्यात गुंतलेले, हळूहळू सुटणारे. चमचाभर ओव्याचे तेल म्हणजे मात्र दीडशे ग्रॅम ओव्याचे सगळे बळ एका घोटात.

माझ्या आजच्या सांगण्याचे सार इथेच आहे. डब्यातला ओवा आणि बाटलीतले ओव्याचे तेल ही एकच वस्तू नव्हे. आजीच्या डब्यातल्या वस्तूंनी पिढ्यान्‌पिढ्या कुणाचे वाईट झाले नाही, हा अनुभव खरा आहे. पण तो अनुभव डब्याचा आहे, बाटलीचा नाही. आजीने ओवा दिला, ओव्याचे तेल दिले नव्हते. एकीच्या पुण्याईवर दुसरीला मोकळे सोडणे, हीच ती तर्कातली चूक.

आता विचाराल, आईच्या पोटात किंवा अंगावर गेलेले तेल बाळापर्यंत कसे पोचते? पुष्कळांचा समज असा असतो की, वार म्हणजे भिंत. आईचे काही वाईट असेल ते ती अडवते. वार ही भिंत नसून चाळण आहे. आईच्या रक्तातले अन्न आणि प्राणवायू तिच्यातूनच बाळाला मिळतात. या चाळणीतून लहान आकाराचे आणि चरबीत सहज विरघळणारे कण सर्वांत सुलभपणे पलीकडे जातात. आणि उडणाऱ्या तेलांतले बहुतेक घटक नेमके तसेच असतात, लहान आणि चरबीत विरघळणारे. म्हणूनच ते कातडीतूनही थोडे शिरतात, श्वासातूनही थोडे रक्तात जातात, आणि गिळले तर झपाट्याने जातात. आईचे यकृत हे पदार्थ मोडून बाहेर टाकू शकते. पोटातल्या बाळाचे यकृत अजून त्या कामाला तयार झालेले नसते. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय यांची घडण चालू असते. घडणीच्या काळात लागलेला धक्का मागाहून भरून काढता येत नाही. त्या तीन महिन्यांत जास्त जपायचे ते याचसाठी.

काही तेलांची नावे घेऊन सांगतो, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

पहिले, माझ्या विद्यार्थ्याच्या बाटलीत ज्याचा वास होता ते विंटरग्रीन. ही झुडपे आपल्या दक्षिणेकडच्या निलगिरी डोंगरातही उगवतात. सांधेदुखीच्या कितीतरी मलमांत हे तेल किंवा त्यातला मुख्य घटक, मिथाइल सॅलिसिलेट, घातलेला असतो. हा ॲस्पिरिनचा सख्खा भाऊ. चहाचा एक चमचा विंटरग्रीनचे तेल म्हणजे सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिन, अर्थात ३२५ मिलिग्रॅमच्या वीसपेक्षा जास्त गोळ्या! ॲस्पिरिनच्या कुळातली वेदनाशामक औषधे गरोदरपणात २० आठवड्यांनंतर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला. या औषधांमुळे बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येऊन त्याच्या भोवतीचे पाणी कमी होऊ शकते. काही गरोदर स्त्रियांना डॉक्टर स्वतः अगदी थोड्या मात्रेत ॲस्पिरिन देतात, ते निराळे. ते मोजून, कारण पाहून दिलेले असते, आणि ते मनाने बंदही करू नये. बाजारातल्या बाटलीला ना माप असते, ना कारण.

आणि "पाच थेंब कोमट पाण्यात" हा सल्ला ऐकायला मोठा सौम्य वाटतो. पण तेल पाण्यात मिसळतच नाही. ते वर तरंगते, आणि पहिल्या घोटालाच घशाला निर्भेळ चटका देते. म्हणजे पातळ केल्याचे समाधान तेवढे मिळते, पातळ काही झालेले नसते.

दुसरा कापूर. कापूर आपल्या देवघरातला, म्हणून त्याचे भय वाटत नाही. हे सांगताना मला आमच्या घरची गोष्ट आठवते. १९९८ साली माझ्या वहिनीचे दिवस भरत आले होते. माजघरातल्या फळीवर दोन सारख्याच बाटल्या असत. एकीत एरंडेल, दुसरीत खोबरेलात विरघळवलेला कापूर, छातीला चोळण्यासाठी. पोट साफ व्हावे आणि कळा लवकर याव्यात म्हणून शेवटच्या दिवसांत एरंडेल देण्याची तेव्हा आमच्याकडे रीत होती. संध्याकाळची वेळ, वीज गेलेली. काकूने चिमणीच्या उजेडात वाटीत तेल ओतले आणि वहिनीच्या हाती दिले. वाटी ओठाला लागण्याआधी वहिनी म्हणाली, "काकू, याला आरतीचा वास येतोय." तेवढ्या एका वाक्याने आमच्या घरावरचे संकट टळले. काकूचे हात नंतर किती वेळ कापत होते, ते मी पाहिले आहे. त्यात काकूचा दोष तो काय? बाटल्या सारख्या, अंधार, आणि दोन्हींचे नाव तेल.

पुढे या विषयाचे वाचन करताना कळले की, नेमका हाच घोटाळा सातासमुद्रापलीकडेही होत असे. अमेरिकेत पूर्वी कापूर घातलेले तेल दुकानात मिळे आणि ते एरंडेल समजून प्यायले जाई. गरोदर स्त्रियांनीही ते असे चुकून घेतल्याच्या नोंदी १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कापूर वार ओलांडून बाळापर्यंत जातो हे त्यातून स्पष्ट झाले. अशा अपघातांमुळेच १९८०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या सरकारने ते तेल विक्रीतून काढले आणि अंगाला लावायच्या मलमांतही कापूर शेकडा अकरा भागांहून अधिक नसावा असा नियम केला. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत मळमळ, तोंडात आग, बेचैनी सुरू होते आणि झटके येऊ शकतात. आपल्याकडेही दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत कापूर आणि निलगिरी यांच्या वापरानंतर आलेल्या झटक्यांची नोंद केली आहे. गरोदर बाईला झटका आला तर बाळाचाही प्राणवायू अडतो, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक नाव इथल्या बाजारात सहसा येत नाही, पण धडा मोठा आहे. युरोपात पुदिन्याच्या जातीची पेनीरॉयल नावाची वनस्पती आहे. तिच्या पानांचा काढा तिकडच्या बायका पूर्वी पाळी आणण्यासाठी घेत. १९७८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका तरुणीने गर्भ पडावा म्हणून या पानांऐवजी त्याचे तेल घेतले, सुमारे ३० मिलिलिटर. यकृत निकामी होऊन ती मरण पावली. मंडळी, हा विषय थोडा अवघड आहे, तरी स्पष्ट बोलतो. आपल्याकडेही कुणी कुणाला गुपचूप "हे तेल घे, मोकळी होशील" असे सांगत असते. अशी तेले गर्भाचे काही करोत न करोत, आधी आईचा घात करतात. ज्या स्त्रीला गर्भ ठेवणे शक्य नाही तिच्यासाठी आपल्या देशात १९७१ पासून कायदा आहे आणि सरकारी दवाखान्यात सुरक्षित सोय आहे. बाटलीकडे वळण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी उगाच घाबरवतो असे व्हायचे. गरोदर बाईने मोगऱ्याचा गजरा माळू नये का? अवश्य माळावा. ओटीभरणाला अत्तराचा वास आला तर बिघडते का? मुळीच नाही. आल्याचा चहा, भाजीतली दालचिनी, जिऱ्याची फोडणी, शेपूची भाजी हे सगळे रोजच्या प्रमाणात चालते. इथे आपण अन्नाबद्दल बोलत आहोत, अर्काबद्दल नाही.

वासाचा उपयोगही होतो. इराणमध्ये शंभर गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. लिंबाच्या तेलाचा नुसता वास घेतलेल्या स्त्रियांची मळमळ दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. आपल्याकडे ओकारी येऊ लागली की बायका लिंबू खरवडून हुंगतात, ते उगीच नव्हे; आणि त्याला बाटलीचीही गरज नाही. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात १९९०पासून आठ वर्षे प्रसूतीच्या वेळी सुगंधी तेलांचा उपयोग करून पाहिला गेला. आठ हजारांवर स्त्रियांची नोंद ठेवली. त्रास झाला तो शंभरात एकीला, आणि तोही किरकोळ. हे ऐकून कुणी म्हणेल, मग झाले तर! पण थांबा. त्या स्त्रियांचे दिवस भरलेले होते, बाळाची घडण पुरी झाली होती, तेले निवडक होती, मापात होती, आणि उशाशी शिकलेली दाई उभी होती. त्या अनुभवावरून तिसऱ्या महिन्यात बाजारातली बाटली उघडण्याला आधार मिळत नाही. एका ठिकाणचा दाखला दुसरीकडे लावताना परिस्थिती सारखी आहे का, हे आधी पाहायचे असते.

गरोदर स्त्रियांवर औषधांचे प्रयोग सहसा करत नाहीत; करूही नयेत. त्यामुळे बहुतेक तेलांबद्दल "पूर्ण सुरक्षित" असे छातीठोकपणे सांगणारा पुरावा नाही. ज्याचा पुरावा नाही ते जपून वापरायचे, हा शहाणपणाचा मार्ग.

तेव्हा घरात लक्षात ठेवायचा नियम साधा आहे. पोटात मुळीच नाही, अंगाला पातळ करून, नाकाला थोडेसे.

पोटात मुळीच नाही, म्हणजे कुठलेही उडणारे तेल, कितीही थेंब, पाण्यातून, मधातून, साखरेवर, कशावरही घ्यायचे नाही. हाच नियम आईचे दूध पाजणाऱ्या बाईलाही पाळायला सांगावा.

अंगाला लावायचे तर पहिले तीन महिने नकोच. पुढेही डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारून, आणि तेही खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करून. प्रमाण शेकडा एक, म्हणजे चहाच्या एका चमचाभर साध्या तेलात एकच थेंब. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. लाली आली, खाज सुटली तर सोडून द्यावे. दालचिनीचे तेल कातडीला फार झोंबते, ते टाळावे. सालीतून पिळून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, हेही ध्यानात ठेवावे. कापूर, विंटरग्रीन आणि निलगिरी असलेली मलमे विचारल्याशिवाय लावू नयेत. खरे म्हणजे दुखऱ्या पायांना नुसते कोमट तिळाचे तेल हलक्या हाताने चोळले, पाय उशीवर उंच ठेवले, तरी पुष्कळ आराम पडतो. आराम मिळतो तो बहुतेक हाताचा असतो, वासाचा नव्हे. मात्र पाय एकाएकी सुजले, एकच पाय सुजून दुखू लागला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

नाकाला थोडेसे, म्हणजे रुमालावर एखादा थेंब, क्षणभर. बंद खोलीत तासन्‌तास सुगंधी वाफ सोडणारी विजेची यंत्रे आता खेड्यातही आली आहेत. ती गरोदर बाईच्या खोलीत रात्रभर चालू ठेवू नयेत. ज्या बाईला फिट्सचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, जिचा पूर्वी गर्भपात झाला आहे किंवा जिला अंगावर जाते आहे, तिने विचारल्यावाचून हेही करू नये.

बाळ झाल्यावरही हा विषय संपत नाही. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा आणि लवंगांच्या पुरचुंड्या घरोघरी हुंगल्या गेल्या. रक्तातला प्राणवायू त्याने वाढतो अशी समजूत पसरली होती, ती खरी नव्हती. तशी पुरचुंडी सर्दीसाठी तान्ह्याच्या गळ्यात बांधण्याची किंवा नाकाखाली मलम लावण्याची चालही आहे. तान्ह्याच्या नाकाशी कापूर किंवा पुदिन्याचे सत्त्व गेले तर त्याचा श्वास क्षणभर अडकू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाला हे नको.

आणि चुकून कुणी प्यायलेच तर? ओकारी काढू नका, मीठपाणी पाजू नका. उलटी होताना तेल श्वासनलिकेत शिरले तर धोका वाढतो. तोंड पुसून घ्या, बाईला डाव्या कुशीवर ठेवा, १०८ क्रमांकावर फोन करा, आणि ती बाटली बरोबर न्या. डॉक्टरांना बाटलीवरून अर्धे उत्तर मिळते. त्याहून बरे, आजच उठून फळीवरच्या बाटल्या बघा. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवा, आणि अंगाला लावायची औषधे पोटात घेण्याच्या औषधांपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आमच्या घरी हे वहिनीच्या त्या प्रसंगानंतर झाले. आपल्याकडे प्रसंगाची वाट पाहू नये. आणि एरंडेलसुद्धा कळा आणण्यासाठी घरच्या घरी देऊ नये. ते काम डॉक्टरांचे.

शिक्षकांना एक विनंती. गावात वाचून सांगणारा म्हणून लोक तुमच्याकडे येतात. आशाताई एकट्याच "नको" म्हणतात तेव्हा सासूला ते उद्धटपणाचे वाटते. तुम्ही त्यांच्या बाजूने एक शब्द बोललात, कागदावरचा तो थेंबाचा प्रयोग पालकसभेत करून दाखवलात, तर त्या "नको"ला वजन येईल. आजीला खोटे पाडण्याची गरज नाही. उलट तिला म्हणावे, "आजी, तुमचा ओवा बरोबरच होता. ही बाटली तुमच्या वेळी नव्हती."

माझ्या विद्यार्थ्याने आईला असेच सांगितले. त्याची बायको दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेली. तपासणीत तिचे रक्त कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या, विश्रांती मिळाली, आणि पायदुखीही हळूहळू उतरली. बाटली तेवढी तशीच राहिली होती, म्हणजे विचारले नसते तर पायांना तेल चोळत बसलो असतो आणि रक्ताची गोष्ट कळलीच नसती, असे तो मला म्हणाला. मार्गशीर्षात त्याला मुलगी झाली. आई आणि मुलगी खुशाल आहेत.

चरकसंहितेत गर्भिणीला जपण्याची रीत सांगताना काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. ते पात्र घेऊन चालणारा माणूस जसा धक्का लागू देत नाही, तसे घराने तिला सांभाळावे. पात्र भरलेलेच आहे, श्रोतेहो. त्यात बाटलीतले पाच थेंब ओतायची काही गरज नाही.